सहा अंक अजून प्लॅस्टिकमध्येच आहेत

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ५२ वर्षांच्या आहेत आणि एका जिल्ह्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी करतात. सासरे होते तेव्हापासून त्यांच्या घरी दर दिवाळीला दहा अंकांचा संच येतो. सासरे जाऊन बरीच वर्षे झाली, तरी त्यांनी घातलेला पायंडा मोडू नये म्हणून त्या पुस्तकांच्या दुकानात दसऱ्यालाच आगाऊ पैसे भरून ठेवतात. गेल्या वर्षीच्या संचातले सहा अंक अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, रद्दीत घालण्यासाठी एवढे पैसे मोजायचे कशाला? मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकते. ती वाचते पुष्कळ, पण इंग्रजी आणि तेही मोबाइलवर. मुलगा आठवीत, इंग्रजी माध्यमात आहे आणि मराठी वाचताना अडखळतो. घरी सासूबाई आहेत, पण 'त्यांना आता डोळ्यांमुळे वाचवत नाही'. दिवाळीनंतर सगळे चार दिवस तारकर्लीला जाणार आहेत. लेखिका विचारतात, संच बंद करावा का? बंद केला तर आपणच मराठी वाचन संपवायला हातभार लावला, असे होणार नाही का? आणि मुलांना मराठीकडे वळवण्यासाठी या सुट्टीत कोणती पुस्तके द्यावीत?

ताई, तुमच्या यजमानांचा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग आधी मान्य करून टाकावा, म्हणजे घरातला वाद मिटेल आणि मूळ प्रश्नाकडे पाहता येईल. न उघडलेल्या अंकांवर दर वर्षी दोन-तीन हजार रुपये खर्च करणे ही साहित्याची सेवा नव्हे. मात्र त्यावरून अंक घेणेच थांबवावे, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तुम्ही दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालला आहात, ती अशी की दिवाळी अंक घेतला म्हणजे तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि तोही तुळशीच्या लग्नाच्या आत, वाचून संपवायला हवा. ही अट कोणी घातली?

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांचा नमुना त्यांच्यापुढे होता. कथा, कविता, लेख, चित्रे, थोरामोठ्यांची छायाचित्रे असा सगळा ऐवज एका बांधणीत द्यायचा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला आपापले काहीतरी सापडेल, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे शंभराहून अधिक वर्षे हीच रीत चालली आणि ती चालण्याचे कारण घराच्या रचनेत होते. आजोबा वैचारिक लेख वाचत, आत्या दीर्घकथा वाचे, कॉलेजात जाणारा काका व्यंगचित्रे पाही, आणि राशिभविष्य सगळेजण वाचत, न मानणारेसुद्धा. एकट्या माणसाने अख्खा अंक वाचावा, अशी अपेक्षा त्या काळीही नव्हती. अंक पुरा वाचला जाई तो घरातल्या दहाजणांत मिळून.

तुमचा दहा अंकांचा संच सासऱ्यांच्या वेळच्या घराच्या मापाचा आहे. आज त्या घरात मराठी वाचणारी व्यक्ती खऱ्या अर्थाने एकच उरली आहे, ती म्हणजे तुम्ही, आणि तुमच्यामागे बँक, स्वयंपाक आणि दिवाळीची साफसफाई आहे. सहा अंक प्लॅस्टिकमध्ये राहिले यात तुमच्या वाचनप्रेमाची उणीव मला दिसत नाही. माणसे कमी झाली आणि संच तेवढाच राहिला, एवढाच त्याचा अर्थ. सासऱ्यांची आठवण म्हणून काही जपायचे असेल तर त्यांनी अंक किती घेतले हे जपण्यापेक्षा ते अंक कसे वाचत हे आठवून पाहा. ते जेवणानंतर एखादा उतारा मोठ्याने वाचून दाखवत असत, असे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. ते वाक्य मला साऱ्या पत्रात महत्त्वाचे वाटले, त्याकडे पुढे येतो.

त्याआधी त्या सहा अंकांचे. ते रद्दीत घालू नका आणि या वर्षी नवा संचही घेऊ नका. वेष्टने काढा आणि ते बैठकीच्या खोलीत, जिथे हात सहज पोहोचतो अशा जागी ठेवा. कथा, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, एखाद्या गावाविषयीचा शोधलेख यांतले काहीही वर्षभरात शिळे होत नाही. शिळे होते ते फक्त भविष्य, आणि मागच्या वर्षीचे भविष्य आज वाचण्यात तर वेगळीच करमणूक आहे. यंदाची दिवाळी या सहा अंकांवर निघू शकते. त्यांच्या जोडीला दोन, फार तर तीन नवे अंक घ्या, पण ते स्वतः निवडून घ्या.

संचाची अडचण अशी आहे की त्यात निवड दुकानदाराची असते. काही खपाऊ अंक, काही ज्यांच्यावर विक्रेत्याला चांगले कमिशन मिळते असे अंक, वर एखादे पुस्तक किंवा पिशवी भेट. ज्याला सगळेच चाळायचे आहे त्याच्यासाठी हा व्यवहार सोयीचा आहे, तुमच्यासाठी नाही. त्याऐवजी एका संध्याकाळी बँकेतून परतताना दुकानात दहा-पंधरा मिनिटे उभे राहून अनुक्रमणिका वाचा. मुखपृष्ठाकडे मुळीच लक्ष देऊ नका, कारण ते बहुधा शेवटी आणि घाईत ठरलेले असते. अंकाला एखादा विशेष विभाग किंवा परिसंवाद आहे का, आणि असल्यास त्याचा विषय संपादकाने विचार करून बेतला आहे की 'बदलते जग' यासारखा कशालाही चालणारा आहे, ते बघा. मोठा, वीस-पंचवीस पानांचा एखादा लेख आहे का, ते बघा. असा लेख म्हणजे संपादकाने लेखकाला वेळ आणि जागा दिल्याची खूण असते. दुसऱ्या अंकांत दिसलेलीच आठ-दहा नावे इथेही असतील तर तो अंक खाली ठेवा. आणि सलग दोन मजकुरांच्या मध्ये किती पाने जाहिरातींची आहेत, हे अंगठ्याने पाने सोडून पाहिले तरी कळते. जाहिरातींवरच अंक निघतो हे खरे, त्याबद्दल तक्रार नाही. पण काही अंकांत मजकूर जाहिरातींच्या मधली जागा भरण्यापुरता असतो. वर्तमानपत्रांत येणाऱ्या दिवाळी अंकांच्या परिचयांवर विसंबू नये, असे माझे मत आहे. चार ओळींत बारा लेखकांची नावे आणि शेवटी 'अंक वाचनीय झाला आहे' यापलीकडे त्यांत सहसा काही नसते.

कोणते अंक हाती धरून पाहावेत, हे तुम्ही थेट विचारले आहे, म्हणून सांगतो. दीर्घकथा आणि ललित गद्य यांसाठी 'मौज', सामाजिक आणि राजकीय घडामोडींवरच्या सविस्तर लेखांसाठी 'अक्षर', हे माझ्या यादीत वरचे. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचा दिवाळी अंक विचारांना खाद्य देतो, शिवाय ते बालकुमारांसाठी आणि युवकांसाठी छोटे, स्वस्त अंक वेगळे काढत आले आहेत. तुमच्या घरी ते दोन्ही उपयोगी पडतील. स्त्रियांच्या प्रश्नांवर गंभीरपणे, पण उपदेशाचा सूर न लावता लिहिलेले वाचायचे असेल तर विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेले 'मिळून साऱ्याजणी' पाहा. रहस्यकथा आणि भयकथा यांची तुम्हाला लहानपणी गोडी होती, असे तुम्ही लिहिले आहे. मग 'धनंजय' घ्यायला संकोच कशाला? दिवाळीत गंभीरच वाचले पाहिजे असे कोणी सांगितले? मात्र मी दिलेली ओळख त्या त्या अंकाच्या आजवरच्या स्वभावावरून आहे. यंदाच्या अंकात काय आहे ते अनुक्रमणिकाच सांगेल, आणि ती मनात भरली नाही तर माझ्या शिफारशीला मान देऊ नका.

आणखी एक. सगळे अंक वसुबारसेच्या आत हातात असलेच पाहिजेत, ही घाईही सोडून द्या. काही चांगले अंक रेंगाळत येतात, काही दिवाळी झाल्यावर उगवतात, आणि दिवाळीनंतर पुष्कळ विक्रेते उरलेले अंक सवलतीत देतात. फराळ संपल्यावर, पाहुणे गेल्यावर, मार्गशीर्षातल्या थंडीत अंक वाचायला जी निवांत वेळ मिळते ती दिवाळीच्या धांदलीत मिळत नाही.

आता सासूबाई. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. यजमानांविषयी त्यात एक परिच्छेद आहे, मुलांविषयी दोन, आणि ज्या बाईने त्या घरात बहुधा सगळ्यांत जास्त दिवाळी अंक वाचले असतील त्यांच्याविषयी एक अर्धवट वाक्य. 'डोळ्यांमुळे वाचवत नाही' म्हणजे नेमके काय होते? मोतीबिंदू पिकला आहे, चष्म्याचा नंबर बदलला आहे, की संध्याकाळी खोलीत उजेड पुरत नाही? यातली पहिली दोन कारणे नेत्रतज्ज्ञाकडे एका भेटीत कळतील आणि तिसरे एका टेबललॅम्पने दूर होईल. काही कारणाने वाचणे खरोखरच अशक्य झाले असेल, तर ऐकणे शक्य आहे. 'स्टोरीटेल'सारख्या अ‍ॅपवर मराठी पुस्तके ऐकण्याची चांगली सोय आहे. मुलगी दिवाळीला आली की तिला आजीच्या मोबाइलवर ते सुरू करून द्यायला सांगा. पण त्याहून अधिक भर मी ज्यावर देईन ते म्हणजे सासऱ्यांची जेवणानंतर वाचून दाखवण्याची पद्धत, आणि ते वाचन मुलाकडे सोपवणे.

मुलगा अडखळतो, जोडाक्षरांना थांबतो, 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार कुठे कोणते हे त्याला कळत नाही, हे सगळे होईल. म्हणूनच त्याला आजीसमोर वाचायला बसवावे आणि तुम्ही त्या वेळी शक्यतो स्वयंपाकघरात असावे. आई चूक दुरुस्त करते तेव्हा तो अभ्यास होतो. आजी दुरुस्त करते तेव्हा ती गोष्टीच्या ओघात करते, कारण तिला पुढे काय झाले ते ऐकायचे असते. शिवाय यात मदत कोण कोणाला करतो आहे, हे त्याच्या दृष्टीने उलटे होते. आजीला वाचवत नाही म्हणून मी वाचून दाखवतो, ही भूमिका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'तुझे मराठी कच्चे आहे' या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त मानवते. वेळ पंधरा-वीस मिनिटांहून अधिक नको, आणि मजकूर विनोदी असला तर उत्तम. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अजून हसवतात, आणि त्यातल्या जुन्या वस्तू आणि रीतीभाती आजी समजावून सांगू शकते, तिथे तिची पुन्हा बाजी.

विनोदी म्हटल्यावर तुम्हाला 'आवाज' आठवेल, म्हणून सावध करतो. मधुकर पाटकर यांनी १९५१ पासून चालवलेल्या या अंकाची ओळख त्याच्या खिडक्यांनी झाली. पानाला चौकोनी छेद असतो, त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो, आणि तो असा बेतलेला की पाहणाऱ्याच्या मनात भलतेच येते. पान उलटले की निघते एखादा न्हावी किंवा शिंपी आपले काम करताना. छपाईनंतर प्रत्येक प्रतीत तो छेद बरोबर जागी बसवणे हे कारागिरीचे काम आहे आणि मला त्याचे कौतुक आहे. पण नातवाने आजीला वाचून दाखवण्याच्या यादीत तो अंक घालू नये. तो यजमानांच्या हाती द्या. रद्दीची भाषा काही दिवस बंद होईल.

मुलासाठी मी दोन गोष्टी सुचवेन. एक, बालभारतीचे 'किशोर' मासिक. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाची किंमत अजूनही अगदी माफक असते, त्याचा दिवाळी अंक भरगच्च असतो, आणि जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. तुम्ही स्वतः लहानपणी वाचलेला एखादा अंक त्यात शोधून त्याला दाखवता येईल. दुसरी, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला, सायकलवर फिरणारा बनेश फेणे आजच्या मुलाला जुनाट वाटेल अशी शंका पालकांना येते. मुलांना ती येत नाही, कारण पाठलाग आणि संकट यांत जुने-नवे असे काही नसते. वाक्ये छोटी आहेत, संवाद भरपूर आहेत, प्रत्येक पुस्तक पातळ आहे. अडखळत वाचणाऱ्याला पातळ पुस्तक संपवल्याचा आनंद लवकर मिळतो आणि तो मिळालेला मुलगा दुसरे पुस्तक मागतो. 'श्यामची आई' त्याच्या हाती आत्ताच देऊ नका, असेही सांगून ठेवतो. ते मोठे पुस्तक आहे, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले. पण आपल्याकडे ते मुलांना इतक्या वेळा औषधासारखे दिले गेले आहे की 'हे वाच, चांगले आहे' या सुरातच त्याचे नुकसान होते.

मुलीविषयी मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. ती रात्री दोनपर्यंत इंग्रजी कादंबऱ्या वाचत बसते, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे. विसाव्या वर्षी स्वतःहून एवढे वाचणारी मुलगी घरात असताना 'वाचन संपले' असे आपण कसे म्हणतो? तिचे मराठी वाचन थांबले आहे, हे खरे. पण शाळेत दहावीनंतर तिचा मराठीशी संबंध परीक्षेपुरताही उरला नाही आणि घरी तिला मराठी पुस्तक मिळाले ते बहुतेक वेळा आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी या रूपात. मग ती तिच्या आवडीची पुस्तके जिथे सापडली तिथे गेली. तिला परत बोलावण्याचा सूर लावू नका. तिच्या आजच्या आवडीच्या शेजारी मराठीत काय आहे, एवढेच तिला दाखवा.

ती विज्ञानकल्पिते वाचते, असे तुम्ही म्हणता. जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हा तिच्या वाचनात त्यांचे नाव वैज्ञानिक म्हणून आलेच असेल. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव, आणि त्या नावाला पहिले बक्षीस मिळाले! ही हकीकत तिला सांगा आणि 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह तिच्या बॅगेत ठेवा. अभियांत्रिकीची विद्यार्थिनी म्हणून तिला प्रभाकर पेंढारकर यांची 'रारंग ढांग' द्यावी असे मी आग्रहाने म्हणेन. हिमालयात सीमेवरचा रस्ता बांधणारा तरुण अभियंता, हाताखालच्या मजुरांचा जीव आणि वरून आलेला हुकूम यांतली त्याची ओढाताण, आणि हे सगळे अशा आटोपशीर लांबीत की पुण्याला परत जाताना सुरू केली तर आठवड्यात संपावी. 'कोसला' तिला द्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही १९६३ सालची कादंबरी खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची आहे, वसतिगृह आणि खानावळ तीत आहेतच. तिला ती कमालीची जवळची वाटेल किंवा वीस पानांत खाली ठेवाविशी वाटेल. दोन्ही चालेल. तिने खाली ठेवली तर 'का नाही आवडली?' हे विचारण्याऐवजी किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' हा कथासंग्रह पुढे करा, ज्याला २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. ज्या कथांतली माणसे आपल्या आसपासची आहेत, अशा कथा तिला मराठीत क्वचितच भेटल्या असतील.

आणि इंग्रजीतूनही मराठीकडे जाता येते, हे सहसा कोणी सुचवत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शांता गोखले यांनी इंग्रजीत आणली आहेत, दया पवार यांचे 'बलुतं' जेरी पिंटो यांनी. मुलीला आधी ती इंग्रजीत वाचू द्या. लक्ष्मीबाईंचा मिश्किलपणा तिथे तिला आवडला, तर मूळ पुस्तक घरातल्या कपाटात असेलच, नसेल तर ग्रंथालयात नक्की असेल. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या कथांच्या दीपा भास्थी यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०२५ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, तेही तिच्या नजरेला आणून द्यावे. आपल्या शेजारच्या भाषेतल्या कथा जगभर वाचल्या जातात, हे पाहिलेला तरुण वाचक आपल्या भाषेकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो, असा माझा समज आहे. खात्री देत नाही.

तारकर्लीच्या चार दिवसांसाठी फार पुस्तके नेऊ नका. समुद्रावर गेलेले घर वाचत बसत नाही आणि बसू नये. एकच न्यायचे तर जयवंत दळवी यांचे 'सारे प्रवासी घडीचे' न्या. दळवी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, आणि त्या पुस्तकातली माणसे तुम्हाला मालवणच्या बाजारात, खानावळीत, होडीवाल्यांत बोलताना सापडतील. प्रकरणे सुटी आहेत, त्यामुळे गाडीत एक मोठ्याने वाचून झाले की पुस्तक मिटता येते. आजच्या कोकणाचे, तिथल्या राजकारणाचे आणि डोंगर पोखरले जाण्याचे चित्र हवे असेल तर प्रवीण बांदेकर यांची 'चाळेगत' ही कादंबरी आहे. पण ती परत आल्यावर वाचा, कारण ती सुट्टीचा मूड घालवते आणि तसे करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

राहिला तुमचा अपराधीपणा. संच बंद केला तर मराठी वाचन संपवायला आपला हातभार लागेल, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. अंक विकत घेणाऱ्यांची संख्या घटली तर अंक बंद पडतात, हे उघड आहे. पण अंक ज्यांच्यामुळे जिवंत राहतो त्या लेखकांच्या बाजूने जरा पाहा. पुष्कळ छोट्या अंकांत मानधन नाममात्र असते, काही ठिकाणी तेही वेळेवर मिळत नाही. लेखक उन्हाळ्यापासून खपून एक दीर्घकथा लिहितो आणि त्यावर प्रतिक्रिया म्हणून त्याला चार ओळखीच्यांचे निरोप येतात. तुमचे ते सहा अंक विकले गेले, पण त्यातला मजकूर कोणापर्यंतच पोहोचला नाही. म्हणून माझी सूचना अशी की यंदा वाचलेल्यांपैकी जी कथा किंवा जो लेख मनात राहील, त्याच्या लेखकाला एक पत्र लिहा. बहुतेक अंकांत पत्ता, ईमेल किंवा फोन क्रमांक दिलेला असतो, नसेल तर संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. 'छान' एवढेच न लिहिता कोणता प्रसंग आवडला, कुठे पटले नाही, ते लिहा. दहा बंद अंकांपेक्षा अशा एका पत्राने लेखकाला पुढच्या वर्षी लिहायला अधिक बळ येते.

पैशांचा प्रश्न यजमानांशी सोडवण्याचा मार्ग मी असा सुचवेन. संचाची जी रक्कम होती तिचे भाग करा आणि घरातल्या प्रत्येकाला, यजमानांना आणि सासूबाईंनाही, तीनशे-चारशे रुपये द्या. ज्याने त्याने आपले वाचण्याचे काही आणावे, भाषा कोणतीही असो, मासिक असो की पुस्तक. मुलीचे पैसे तिला डिसेंबरपर्यंत जपून ठेवायला सांगा, कारण गेली काही वर्षे त्या महिन्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव भरतो आणि तिच्या वसतिगृहातून तिथे जाणे अवघड नाही. तिने तिथून मराठी काही आणले नाही तरी बोलू नका.

तुमची न्यू जर्सीतली बहीण अंक पाठवायला सांगते, त्याबद्दल दोन वाक्ये. तीन अंकांचे वजन किलोच्या पुढे जाते आणि टपालखर्च अंकांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होतो. पुष्कळ अंक आता ई-आवृत्तीत मिळतात, 'मायबोली' आणि 'ऐसी अक्षरे' यांसारख्या संकेतस्थळांनी तर स्वतःचे दिवाळी अंक काढले आहेत आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत.

ज्यांच्या घरी अशीच कोंडी आहे त्या इतर वाचकांसाठी आणि तुमच्यासाठीही शेवटचा पर्याय मला सगळ्यांत व्यवहार्य वाटतो, तो म्हणजे अंक फिरते ठेवणे. वसाहतीतल्या किंवा बँकेतल्या चार-पाच घरांनी प्रत्येकी दोन वेगवेगळे अंक घ्यावेत, आतल्या कोऱ्या पानावर सगळ्यांची नावे लिहावीत, वाचून झाले की आपल्या नावापुढे खूण करून पुढच्या घरी द्यावा. मुदत पंधरा दिवसांची ठेवा आणि कोणाचे वाचून झाले नसले तरी अंक पुढे सरकवा, नाहीतर पहिल्याच घरी तो संक्रांतीपर्यंत मुक्काम ठोकतो. एवढी जमवाजमव नको असेल तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जा. जिल्ह्याच्या गावी 'अ' वर्गाचे वाचनालय बहुधा असतेच, आणि अशी पुष्कळ वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात, ज्यात साधारण एखाद-दुसऱ्या अंकाच्या किमतीएवढी वर्गणी भरली की पुढचे तीन-चार महिने एकामागून एक अंक घरी नेता येतात. गेल्या वर्षीचे तुमचे अंक वाचून झाल्यावर तिथेच देता येतील, मात्र नेण्याआधी ग्रंथपालांना विचारा, कारण काही ठिकाणी जुने अंक ठेवायला जागा नसते. योजनेत नवे अंक सगळ्यांत आधी कोणाकडे जातात हे वर्गणी भरल्याच्या क्रमावर ठरते, तेव्हा संचाचे पैसे भरायला दरवर्षी दसऱ्याला दुकानात जाता, त्याऐवजी यंदा त्याच दिवशी वाचनालयात जाऊन या.